नोंदवहीत लबाडीने शिरलेल्या डॉक्टरला शिक्षा कोणत्या कलमाखाली?

महोदय,

बोगस डॉक्टर पकडला गेला की कठोर शिक्षेची मागणी होते. ती रास्तच आहे, पण तिच्यात दोन वेगळे गुन्हेगार एकाच नावाखाली येतात. पहिल्याकडे पदवी नाही, नोंदणी नाही, तरी तो दवाखाना थाटून बसलेला असतो. दुसऱ्याकडे नोंदणी क्रमांक असतो, वैद्यक परिषदेचे प्रमाणपत्र भिंतीवर असते, संकेतस्थळावर नावही सापडते. मात्र ती नोंदणी खोट्या कागदांवर मिळवलेली असते. पहिल्याचा संशय आजूबाजूच्या लोकांना तरी येतो. दुसऱ्याला रुग्ण, औषधविक्रेता, विमा कंपनी, पोलीस, न्यायालय यांपैकी कोणीही ओळखू शकत नाही, कारण ही सगळी मंडळी ज्या नोंदवहीवर विसंबतात तीच खोटी झालेली असते. आपल्या वैद्यक कायद्यातली शिक्षा मात्र मुख्यतः पहिल्याला समोर ठेवून लिहिलेली आहे.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ चे कलम ३४ पाहा. राज्य किंवा राष्ट्रीय नोंदवहीत नाव नसलेल्या व्यक्तीला डॉक्टर म्हणून व्यवसाय करता येत नाही, वैद्य किंवा शल्यचिकित्सक म्हणून पद धारण करता येत नाही, वैद्यकीय किंवा तंदुरुस्तीच्या दाखल्यावर सही करता येत नाही, न्यायालयात तज्ज्ञ म्हणून साक्ष देता येत नाही. उल्लंघन केल्यास एक वर्षापर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १९५६ च्या जुन्या कायद्यात कैद एवढीच होती आणि दंड होता एक हजार रुपये. म्हणजे दंड पाचशे पट झाला, कैद तिथेच राहिली. शिवाय ही शिक्षा ‘नोंदवहीत नाव नसलेल्या’ माणसासाठी आहे. लबाडीने नाव घालून घेतलेल्याचे नाव तर नोंदवहीत असते. ते काढले जाईपर्यंत ‘मी नोंदणीकृत होतो’ हा बचाव त्याच्या हाती राहतो आणि ज्या काळात त्याने शेकडो रुग्ण तपासले, नेमक्या त्याच काळाला हे कलम लावताना वाद उभा राहतो. महाराष्ट्राच्या १९६१ च्या वैद्यक व्यवसायी अधिनियमातील कलम ३३ चीही हीच मर्यादा आहे: त्याचा रोख नोंदणी नसलेल्यांवर आहे.

प्रक्रियेतही अडथळे आहेत आणि ते शिक्षेच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे आहेत. २०१९ च्या कायद्याच्या कलम ५४ नुसार या गुन्ह्याची दखल न्यायालय तेव्हाच घेऊ शकते, जेव्हा आयोगाने, त्याच्या नीतिमत्ता व नोंदणी मंडळाने किंवा राज्य वैद्यक परिषदेने अधिकार दिलेला अधिकारी लेखी तक्रार करतो. फसलेल्या रुग्णाला थेट जाता येत नाही. ज्या परिषदेच्या कार्यालयातून खोटी नोंद झाली, तिनेच तक्रार करायची. एक वर्षापर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असल्यामुळे तो अदखलपात्र आणि जामीनपात्र ठरतो. त्यातच फौजदारी प्रक्रिया ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ प्रमाणे न्यायालयाने अशा गुन्ह्याची दखल घेण्याची मुदत आहे एक वर्षाची. व्यवसाय चालू असेपर्यंत गुन्हाही चालू असतो, हे खरे. पण पाटी उतरवून माणूस दुसऱ्या राज्यात गेला आणि परिषदेने ‘चौकशी सुरू आहे’ म्हणत फाइल वर्षभर दाबून ठेवली, तर पुढे उशीर माफ करून घेण्यासाठीच भांडावे लागते. म्हणून पहिली मागणी शिक्षेची नसून मुदतीची आहे: लेखी तक्रार मिळाल्यापासून साठ दिवसांत परिषदेने न्यायालयात तक्रार दाखल करावी, नाहीतर न करण्याचे कारण तक्रारदाराला लेखी कळवावे.

खरी धार भारतीय न्याय संहितेत आहे. फसवणूक करून पैसे घेणे, कलम ३१८ (४): सात वर्षांपर्यंत. तोतयेगिरी करून फसवणूक, कलम ३१९ (२): पाच वर्षांपर्यंत. फसवणुकीसाठी बनावट दस्तऐवज, कलम ३३६ (३): सात वर्षांपर्यंत. आणि कलम ३४० (२) नुसार बनावट दस्तऐवज खरा म्हणून वापरणाऱ्याला तो स्वतः बनवल्याइतकीच शिक्षा. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या कृत्यांना भारतीय दंड संहितेची जुनी कलमे ४२०, ४१९, ४६८ आणि ४७१ लागू होतात. प्रथम खबरीत तारखांची गल्लत झाली, की आरोपीच्या वकिलाला पहिला मुद्दा आयताच मिळतो.

असे खटले कुठे फसतात? तपास अधिकारी बहुधा बनावटगिरी सिद्ध करण्याच्या मागे लागतो. प्रमाणपत्र छापले कोणी, शिक्का कोणी बनवला, हे शोधताना दलाल परराज्यात निघतो, छपाईचे यंत्र सापडत नाही आणि वर्षे जातात. वापर सिद्ध करणे त्या मानाने सोपे आहे. त्यासाठी चार गोष्टी लागतात: परिषदेकडचा मूळ अर्ज आणि त्यावरची सही, अर्जासोबतची कागदपत्रे, ‘असा दाखला आम्ही दिलेला नाही’ असे विद्यापीठाचे किंवा परीक्षा मंडळाचे प्रमाणित उत्तर, आणि त्या नोंदणीच्या आधारे घेतलेल्या पगाराचा किंवा फीचा एक तरी पुरावा. यातली पहिली गोष्टच अनेकदा हरवलेली असते, कारण मूळ कागद पाहून परत दिले जातात आणि दप्तरात छायाप्रती उरतात. छायाप्रतीवर हस्ताक्षरतज्ज्ञ ठाम मत देत नाही. परिषदेने अर्जाच्या वेळी मूळ कागदाची रंगीत, उच्च दर्जाची प्रतिमा, अर्जदाराचे छायाचित्र आणि बोटांचे ठसे कायम जपले, तर हा प्रश्न बराचसा सुटतो. दुसरा नेहमीचा बचाव ‘एजंटने मलाच फसवले’ हा असतो. परीक्षा न देता, किंवा नापास होऊन, उत्तीर्ण झाल्याचा दाखला जोडणाऱ्याला हा बचाव मिळता कामा नये. आपण पास झालो की नाही, हे दुसरे कोणी सांगावे लागत नाही.

परदेशातून एमबीबीएसच्या तोडीची पदवी घेऊन येणाऱ्यांना भारतात नोंदणीसाठी २००२ पासून चाळणी परीक्षा (एफएमजीई) द्यावी लागते. राष्ट्रीय परीक्षा मंडळ ती वर्षातून दोनदा घेते. ३०० प्रश्न, त्यांपैकी किमान १५० बरोबर यावे लागतात. निकाल एकाच संस्थेकडे असल्यामुळे पडताळणी याहून सोपी असू शकत नाही: अनुक्रमांक आणि जन्मतारीख मंडळाला पाठवायची, उत्तर घ्यायचे. तरीही डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या तक्रारीवरून सीबीआयने गुन्हा नोंदवला, तेव्हा ही परीक्षा उत्तीर्ण न झालेल्या ७३ जणांच्या नोंदणीचा प्रश्न पुढे आला. त्यात तत्कालीन भारतीय वैद्यक परिषद आणि १४ राज्य परिषदांची नावे होती, देशभर ९१ ठिकाणी झडत्या झाल्या. आकडा ७३ च असला तरी राज्ये १४ आहेत, हे मला अधिक गंभीर वाटते. एका कारकुनाची चूक चौदा ठिकाणी होत नाही. पडताळणीचे पत्र मंडळाला न पाठवता जोडलेल्या दाखल्यावरच भिस्त ठेवण्याची सवय जिथे असते, तिथे दलालाला शिरायला वाट मिळते.

इतर वाटाही सांगायला हव्यात, कारण प्रत्येक वाटेला शिक्षा वेगळी बसते. परदेशी गेलेल्या किंवा मरण पावलेल्या डॉक्टरचा क्रमांक वापरणे ही तोतयेगिरी. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नोंदणी हलवताना जोडलेले खोटे ना-हरकत प्रमाणपत्र ही बनावट दस्तऐवजाची बाब. एमबीबीएस खरी, पण पदव्युत्तर पात्रता खोटी, हा प्रकार तर सगळ्यांत कमी लक्षात येतो, कारण माणूस डॉक्टर असतोच. २०१८ मध्ये महाराष्ट्रात पदव्युत्तर पदविकांच्या बनावट प्रमाणपत्रांचे प्रकरण उघडकीस आले, त्यात पन्नासहून अधिक डॉक्टर अडकले होते. अशा वेळी ‘निदान एमबीबीएस तरी आहे’ असे म्हणून सौम्य वागणूक देण्याकडे कल असतो. तो चुकीचा आहे. भूल देण्याचे किंवा शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण न घेता ते घेतल्याचे भासवणारा, सर्दी-तापाची औषधे देणाऱ्या भोंदूपेक्षा कमी धोकादायक नसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या पूनम वर्मा प्रकरणात होमिओपॅथीचे शिक्षण घेऊन अॅलोपॅथीची औषधे देणाऱ्याला भोंदूच मानले आणि निष्काळजीपणा वेगळा सिद्ध करण्याची गरज ठेवली नाही. खोट्या पदव्युत्तर पात्रतेला हेच तत्त्व लावायला हवे.

सर्वांत तातडीने दुरुस्त करायला हवे ते न्याय संहितेचे कलम १०६ (१). निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद; वैद्यकीय उपचार करताना नोंदणीकृत डॉक्टरकडून तसे घडल्यास दोन वर्षांपर्यंत. ही सवलत प्रामाणिक डॉक्टरांसाठी आहे आणि ती असावी. तिच्या स्पष्टीकरणात दोन अटी आहेत: मान्यताप्राप्त पात्रता हवी आणि नोंदवहीत नावही हवे. पदवीच खोटी असेल तर पहिली अट कोसळते, तिथे शंका नाही. पण परदेशी पदवी खरी, चाळणी परीक्षेचा दाखला खोटा आणि नाव नोंदवहीत, अशा आरोपीला दोन्ही अटी कागदावर पूर्ण झाल्याचा युक्तिवाद करता येतो. ‘फसवणुकीने केलेली नोंद या कलमापुरती नोंद समजली जाणार नाही’ एवढे एक वाक्य घातले, की वाद मिटतो. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने डॉक्टरवर फौजदारी कारवाईपूर्वी स्वतंत्र वैद्यकीय मत घेण्याचे जे संरक्षण दिले आहे, तेही अशा माणसाला लागू नाही, हे पोलिसांसाठीच्या परिपत्रकात स्पष्ट लिहावे. उपचार बरोबर होता की चूक, हा प्रश्न उपचाराचा हक्क असलेल्याबद्दल विचारायचा असतो.

नोंदणीचे काय करायचे? आजची भाषा ‘निलंबन’ आणि ‘नाव कमी करणे’ अशी असते. गैरवर्तन करणाऱ्या खऱ्या डॉक्टरसाठी ती योग्य आहे. खोट्या कागदांवर मिळालेली नोंदणी मात्र पहिल्या दिवसापासूनच नव्हती असे जाहीर व्हायला हवे. हा फरक शब्दांपुरता नाही. आजपासून रद्द म्हटले, की कालपर्यंतचा पगार, फी आणि दाखले कायदेशीर ठरतात. मुळापासून रद्द म्हटले, की कलम ३४ चा अडसर आपोआप दूर होतो. न्यायालयांची दिशा बऱ्याच अंशी हीच आहे. मध्य प्रदेशातल्या व्यापम प्रवेश-परीक्षा घोटाळ्यात गैरमार्गाने प्रवेश मिळवलेल्या ६३४ विद्यार्थ्यांचे प्रवेश रद्द ठरवण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये कायम केला. यांतले बरेच जण शिकून बाहेर पडले होते. समाजाला डॉक्टर हवेत, त्यांच्याकडून मोबदल्याविना सेवा घ्यावी, असाही विचार मांडला गेला आणि तो मान्य झाला नाही. उलट मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, खोट्या माहितीवर राखीव जागेतून प्रवेश घेतलेल्या एका डॉक्टरचे राखीव जागेसाठीचे प्रमाणपत्र रद्द करूनही पदवी राहू दिली, फीमधला फरक आणि ५० हजार रुपये भरायला लावले. डॉक्टरांची कमतरता हे त्यामागचे एक कारण होते. दुसऱ्या प्रकरणात अभ्यासक्रम आणि परीक्षा खऱ्या होत्या, हा फरक मी मान्य करतो. पण कमतरतेचे कारण एकदा मान्य केले, की ते प्रत्येक खटल्यात येणार. डॉक्टर कमी आहेत म्हणून ज्याची पात्रताच तपासलेली नाही त्याच्या हाती रुग्ण द्यावा, हे मला पटत नाही.

पैशाच्या वसुलीकडे आपल्याकडे जवळजवळ कोणी पाहत नाही. पाच लाखांचा दंड हा खासगी रुग्णालयातल्या तज्ज्ञाच्या काही महिन्यांच्या उत्पन्नाइतकाही नसतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ मध्ये गुन्ह्यातून मिळवलेली मालमत्ता जप्त करण्याची सोय आहे. पोलिसांनी अर्ज करायचा, न्यायालय चौदा दिवसांची नोटीस देते, आणि मालमत्ता गुन्ह्यातूनच आली असे ठरल्यास जिल्हाधिकाऱ्यामार्फत साठ दिवसांत ती पीडितांमध्ये वाटता येते. यासाठी रुग्णांची यादी आणि पावत्या लागतात, म्हणून छापा टाकताना औषधांचे नमुने जप्त करण्याइतकेच बिलांची पुस्तके, संगणक आणि बँक खात्यांचे तपशील ताब्यात घेणे आवश्यक आहे. सरकारी सेवेत असलेल्याकडून पगाराची वसुली व्हायला हवी. ब्रिटनमध्ये ऑकलंड विद्यापीठाच्या बनावट पदवीवर १९९५ मध्ये नोंदणी मिळवून सुमारे दोन दशके मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम केलेल्या महिलेला २०२३ मध्ये मँचेस्टरच्या न्यायालयाने सात वर्षांची शिक्षा दिली आणि पुढे चार लाख पौंडांहून अधिक रक्कम परत करण्याचा आदेश झाला. तिचे बिंग एका स्थानिक पत्रकाराने न्यूझीलंडमध्ये चौकशी केल्यामुळे फुटले. त्यानंतर ब्रिटनच्या वैद्यक परिषदेने त्याच मार्गाने नोंदणी झालेल्या सुमारे तीन हजार डॉक्टरांचे कागद पुन्हा तपासले. आपल्याकडे नेमके हेच होत नाही. एक खोटा दाखला सापडला, की त्याच विद्यापीठाच्या, त्याच दलालाच्या, त्याच टेबलावरून गेलेल्या सगळ्या नोंदी पुन्हा उघडायला हव्यात. आपल्याकडे पाच वर्षांनी नूतनीकरण होते, पण त्याचा भर सतत वैद्यकीय शिक्षणाच्या ३० क्रेडिट पॉइंटवर असतो. मूळ पदवी खोटी असलेला माणूस वैद्यकीय चर्चासत्रांना हजेरी लावून ते सहज मिळवतो.

ज्यांच्यावर उपचार झाले त्यांना कोण कळवते? बहुतेक वेळा कोणीच नाही, त्यांना वर्तमानपत्रातून समजते. ज्या रुग्णालयात तो काम करत होता, त्या रुग्णालयाने आपल्या दप्तरावरून यादी काढून शस्त्रक्रिया झालेले, दीर्घकाळ औषध चालू असलेले आणि गर्भवती रुग्ण यांना आधी कळवावे आणि फेरतपासणी विनामूल्य करून द्यावी. आंतररुग्णांची कागदपत्रे तीन वर्षे जपणे आणि मागितल्यास ७२ तासांत देणे हे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार बंधनकारक आहे, त्यामुळे माहिती नाही असे म्हणता येणार नाही. त्याने सही केलेल्या मृत्यूच्या किंवा अपंगत्वाच्या दाखल्यांमुळे सामान्य माणसाची परवड होऊ नये. सद्हेतूने घेतलेला दाखला दुसऱ्या डॉक्टरने पडताळेपर्यंत ग्राह्य धरावा. नेमणुकीत दोष असलेल्या अधिकाऱ्याची कृत्ये जनतेपुरती वैध राहतात, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८१ च्या गोकराजू रंगराजू निकालात स्वीकारलेले आहे. मात्र मारहाणीचे, अत्याचाराचे आणि शवविच्छेदनाचे अहवाल स्वतंत्रपणे तपासले गेलेच पाहिजेत. त्यांवर कोणाची तरी सुटका किंवा जन्मठेप ठरते.

नोंद करणाऱ्या हाताला शिक्षा नसेल, तर बाकी सगळे व्यर्थ आहे. लाच घेणाऱ्या लोकसेवकाला भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली तीन ते सात वर्षांची कैद आहे, पण खटला भरण्यासाठीच्या सरकारी मंजुरीच्या पायरीवर अशी प्रकरणे वर्षानुवर्षे अडतात. प्रत्येक नोंदणीमागे पडताळणीचे पत्र कोणी पाठवले, उत्तर कोणत्या पत्त्यावरून आले, मंजुरी कोणी दिली, ही तीन नावे संगणकात कायम राहिली पाहिजेत. पत्र अर्जदाराने दिलेल्या पत्त्यावर किंवा ईमेलवर कधीही जाऊ नये, कारण मग उत्तरही दलालच देतो. आणि नेमणुकीपूर्वी परिषदेकडून लेखी पडताळणी न घेणाऱ्या रुग्णालयाला नुकसानभरपाईत वाटेकरी करावे. ‘आम्हीही फसलो’ हे उत्तर रुग्णालयाला शोभत नाही; त्याच्याकडे वेळ, कागद आणि माणसे, तिन्ही असतात.

वाचकांनी तपासायचे असल्यास नुसता क्रमांक पाहून थांबू नये. डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात, चिठ्ठीवर, दाखल्यावर आणि पावतीवर लिहिणे बंधनकारक आहे. तो क्रमांक, पूर्ण नाव, परिषदेचे नाव आणि नोंदणीचे वर्ष हे चारही परिषदेच्या संकेतस्थळाशी जुळवावेत. चोरलेल्या क्रमांकात बहुधा वर्ष आणि वय यांचा मेळ बसत नाही. पाटीवर एमडी, एमएस किंवा डीएम असेल, तर ती अतिरिक्त पात्रता नोंदवहीत दिसते का, ते पाहावे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेने क्यूआर कोडची सोय केली आहे, पण तो संकेत परिषदेच्याच संकेतस्थळावर नेतो याची खात्री करावी. नूतनीकरणाची तारीख उलटलेली दिसली तर लगेच बोगस म्हणून बोट दाखवू नये, तो निव्वळ विसर असू शकतो. त्याच कारणासाठी नव्या कायद्यातही नावाच्या स्पेलिंगची चूक, विद्यापीठाकडून उशिरा आलेले उत्तर आणि जाणूनबुजून केलेली फसवणूक वेगवेगळी ठेवावी, आणि नोंद मुळापासून रद्द करण्याआधी संबंधिताला म्हणणे मांडायला तीस दिवस द्यावेत. त्या तीस दिवसांत त्याने रुग्ण तपासू नये, एवढी अट पुरेशी आहे.

आपला,
वैद्यक कायद्याचा एक अभ्यासक